माली पाटलांचं हसू

"हात वर करा," धुरपताबाई म्हणाल्या.

खडकवाडीचे माली पाटील किशनराव यांनी आधी अंगणाच्या दाराकडे पाहिलं, मग शेजारच्या भिंतीवरून कुणी डोकावत नाही ना ते पाहिलं, आणि मगच दोन्ही हात वर केले. धुरपताबाईंनी एक डोळा बारीक करून दोन्ही पंजे एका उंचीवर आहेत की नाही ते बघितलं.

"आता घ्या खाली. वार कोन्ता आज?"

"बुधवार."

"हसा."

किशनराव हसले नाहीत. ते समोरच्या कडुलिंबाकडे बघत राहिले. धुरपताबाई उसासा टाकून चुलीकडे गेल्या. गेले अडीच महिने रोज उजाडताना त्या घरात हेच चाललं होतं. रझाकारांच्या धामधुमीत बंदुकीसमोरसुद्धा या माणसानं हात वर केले नव्हते, असं गाव सांगे. तोच माणूस आता रोज सकाळी बायकोसमोर हात वर करून उभा राहतो, हेही गावाला कळायला वेळ लागला नव्हता.

ही गोष्ट हैदराबाद संस्थान जाऊन सात वर्षं झाली तेव्हाची. सरकार बदललं होतं, पण गावाच्या जिभेवर जुनंच राज्य होतं. लोक रुमालाला दस्ती म्हणत आणि पथ्याला परेज म्हणत. सारा गोळा करणारा माली पाटील अजून चावडीत गादीवर बसे. राणीसावरगावहून गंगाखेडला जाणारी मोटार दिवसातून एकदा खडकवाडीवरून जायची, तीही तिच्या मनात असलं तर, आणि आत कोण बसलंय ते बघायला अर्धं गाव रस्त्यावर यायचं. आता दर तासाला गाडी आहे आणि आत कोण बसलंय हे कुणी बघत नाही. असो.

त्या वर्षी दिवाळीनंतर किशनरावांना चावडीतून उठता उठता घेरी आली. दोन दिवस डोकं धरून बसले आणि तिसऱ्या दिवशी गंगाखेडला डॉक्टर दिनकररावांकडे गेले. हे डॉक्टर हैदराबादेत शिकून आलेले. रोग्याशी मराठीत बोलत, पण प्रकरण गंभीर असलं की नकळत उर्दूत शिरत. त्यामुळे डॉक्टरांच्या तोंडून उर्दू यायला लागली की रोग्याबरोबर आलेले लोक देवाला हात जोडायला लागत. त्यांनी किशनरावांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबला, नळीतल्या पाऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पाटील, खून का दबाव बहुत है."

मग त्यांनी परेज सांगितलं. मीठ कमी, लोणचं-पापड बंद, तंबाखू बंद, राग बंद. सर्पगंधेच्या गोळ्या रोज, न चुकता. पहिल्या गोष्टींना किशनरावांनी मान हलवली. राग बंद म्हटल्यावर मात्र त्यांनी विचारलं की मग सारा कसा वसूल व्हायचा. डॉक्टरांनी त्यांचा नाद सोडला आणि दाराशी पदर सावरून उभ्या असलेल्या धुरपताबाईंकडे वळले.

"बाई, असा दबाव वाढला की लकवा मारतो. रोज सकाळी तीन गोष्टी बघायच्या. दोन्ही हात सारखे वर जातात का. बोलणं साफ आहे का. आणि हसताना तोंड एका बाजूला ओढतं का. यातलं एक जरी बिघडलं, तर फौरन इकडे. पारव्याचं रक्त नको, लेप नको, पाणीसुद्धा पाजायचं नाही. कुशीवर निजवायचं आणि गाडी जुंपायची."

धुरपताबाईंनी एक शब्द इकडचा तिकडे न करता ते पाठ केलं. त्याला कारण होतं. ताडकळसला त्यांच्या वडिलांच्या अंगावरून बाजाराच्या दिवशी सकाळीच वारं गेलं. तोंड वाकडं झालं, उजवा हात लोंबायला लागला. लोक म्हणाले, पारवा आणा. पारवा मिळेपर्यंत दुपार झाली, त्याचं रक्त गालाला चोळून वाट बघण्यात संध्याकाळ झाली. त्यानंतर तो पहाडासारखा माणूस तीन वर्षं खाटेवर होता आणि बाळंतपणाला माहेरी आलेल्या धुरपताबाईंनी त्याला चमच्यानं पेज भरवली होती. लौकर नेलं असतं तरी त्या काळच्या डॉक्टरांच्या हातात फार काही होतं असं नाही. पण नेलं नाही, ही गोष्ट धुरपताबाईंच्या मनातून कधी गेली नाही.

म्हणून त्या रोज सकाळी नेमानं हजेरी घेत. हाताचं आणि बोलण्याचं ठीक होतं, अडचण हसण्याची होती. किशनराव हसत नसत. त्यांच्या वडिलांनी मरताना सांगितलं होतं की पाटील हसला की गाव सारा बुडवतं, आणि त्यांनी ते मनावर घेतलं होतं. लग्नाला तीस वर्षं झाली तरी धुरपताबाईंनी नवऱ्याचं हसू पाहिलेलं नव्हतं. आता सरळ हसू कसं दिसतं हेच माहीत नाही, तर वाकडं झालेलं ओळखायचं कसं? त्यांनी थोरल्या नणंदेला विचारलं. सारजाबाई आक्का विधवा होऊन भावाकडेच राहायच्या आणि घरात शेवटचा शब्द त्यांचा असे. आक्कांनी पुष्कळ आठवून सांगितलं की किसन्या सात वर्षांचा असताना एकदा हसला होता, पण तेव्हा त्याचे पुढचे दात पडलेले असल्यामुळे त्या हसण्यावर भरवसा ठेवता येणार नाही.

मग प्रयत्न सुरू झाले. धाकटा दीर भुजंग याला वहिनीनं गळ घातली. भुजंगानं तहसीलदाराची नक्कल करून दाखवली. किशनरावांनी ती शेवटपर्यंत पाहिली आणि तहसीलदाराला कळलं तर काय होईल ते सांगितलं. पुढे गावात बहुरूपी आला, तो इन्स्पेक्टरच्या वेशात. धुरपताबाईंनी त्याला शेरभर जवारी कबूल करून घरी धाडलं. अख्खं गाव मागं आलं. बहुरूप्यानं बूट आपटले, वारंट काढलं आणि पाटलांनी पुनवेचा चांद चोरल्याबद्दल त्यांना अटक करायला आलोय असं जाहीर केलं. माणसं पोट धरून हसली. किशनरावांनी हात पुढे करून वारंट मागून घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "यावर शिक्का जुन्या सरकारचा हाय. हे आता चालत न्हाई." बहुरूप्यानं जवारी न घेताच काढता पाय घेतला.

आता तंबाखूचं. दवाखान्यातून आल्या दिवशीच आक्कांनी भावाला माजघरात उभं केलं होतं. "किसन्या, नुसतं बरं म्हनून भागत न्हाई. हिच्या डोक्यावर हात ठिव अन् सांग, तंबाखू खानार न्हाई म्हनून." किशनरावांनी धुरपताबाईंच्या डोक्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली. चारचौघांत नवऱ्यानं डोक्यावर हात ठेवायची ती पहिलीच वेळ. धुरपताबाई त्या दिवशी भाजीत मीठ घालायचंच विसरल्या, आणि तसंही ते परेजात बसलं.

शपथ बारा दिवस टिकली. तेराव्या दिवशी सालगडी वाल्मीक कडब्याच्या गंजीमागे तंबाखू मळत बसला होता आणि पाटील सहज तिकडून गेले. चाळीस वर्षांची सवय ती. वास आला आणि पाय थांबले. वाल्मीकही मुरलेला माणूस. त्यानं मळलेल्यातली अर्धी चिमूट पुढे केली. तेव्हापासून रोज सकाळी हजेरी झाली, धुरपताबाई भाकरीला बसल्या, की पाटील गंजीमागे जात. मळायचं काम वाल्मीकचं, आणि तेवढा वेळ त्याची चुन्याची पितळी डबी हातात धरायची पाटलांनी. बार गालात धरून पाव घटका बसायचं, थुंकायचं, रांजणावर तोंड खळखळून धुवायचं. आपण मळत नाही, तेव्हा हे खाल्ल्यात धरायला नको, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. मनातून मात्र रोज एकदा त्यांना बायकोचं डोकं आठवे आणि त्या दिवशी ते तिच्यावर जरा जास्त ओरडत.

एकादशीच्या दिवशी घोटाळा झाला. उपास, त्यामुळे भाकरी नाही. धुरपताबाईंची सकाळ लौकर मोकळी झाली आणि पाटलांनीही हजेरीआधीच गंजी गाठली, दोन्ही एकदमच. वाल्मीक बैलांना पाणी दाखवायला गेला होता. पाटलांच्या डाव्या गालात ताजा बार होता, डाव्या मुठीत चुन्याची डबी होती, आणि समोर धुरपताबाई येऊन उभ्या राहिल्या.

"हितं कामून आलात? बरं, आलात तर आलात. हात वर करा."

किशनरावांनी डबीची मूठ पाठीमागे नेली आणि उजवा हात वर केला.

"अन् डावा?"

पाटलांनी मान हलवली. धुरपताबाईंचा आवाज बदलला. "वार कोन्ता?"

"उं," पाटील म्हणाले. तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं.

धुरपताबाई जवळ आल्या. एवढ्या जवळून त्या बघायला लागल्या तेव्हा किशनराव घाबरले आणि घाबरून, आपलं सगळं ठीक आहे हे दाखवायला, मोठेपणी पहिल्यांदाच हसले. ओठ मिटूनच हसले. डावा गाल बारानं टम्म फुगलेला, त्यामुळे सगळं हसू उजव्या कानाकडे ओढलं गेलं.

तिन्ही खुणा एका दमात. गेले तीन महिने धुरपताबाई रोज रात्री हाच क्षण मनात बघत होत्या. त्या किंचाळल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याच्या खांद्याला धरून त्याला कडब्यावर कुशीवर निजवलं आणि हाक मारली, "वाल्म्या, गाडी जुंप."

इथे किशनराव थुंकून मोकळे होऊ शकले असते. पण तोवर आक्का बाहेर आल्या, भुजंग आला, शेजारपाजार आला. या सगळ्यांसमोर थुंकायचं म्हणजे बायकोच्या डोक्यावर घेतलेली शपथ मोडली हे चावडीवर सांगण्यासारखं होतं. त्यांनी मनात हिशेब केला की वाटेत कुठंतरी गुपचूप थुंकावं, मग बरं वाटायला लागलं म्हणावं आणि गाडी फिरवावी. हिशेब चांगला होता, पण धुरपताबाईंना डॉक्टरांनी दिलेला पाठ जास्त चांगला येत होता.

आक्का म्हणाल्या, आधी पारवा आणा. भुजंग देवळाकडे पळालासुद्धा. तीस वर्षांत धुरपताबाईंनी नणंदेला उलट शब्द काढला नव्हता. त्या म्हणाल्या, "पारवा न्हाई, आक्का. माझ्या बापाला त्यानंच घालवलं. गाडी आधी." आक्का आत गेल्या आणि देव पाण्यात घालून बसल्या. गाडी गावाबाहेर पडते तोच भुजंग धापा टाकत मागून आला आणि जिवंत पारवा काखेत धरून गाडीत चढला. डॉक्टरांना नाही जमलं तर असावा, असं त्याचं म्हणणं होतं.

गंगाखेड तिथून तीन कोस. किशनराव डाव्या कुशीवर, डोकं धुरपताबाईंच्या मांडीवर. वाकडं झालेलं तोंड सरळ राहावं म्हणून त्यांनी जबडा एका हातानं घट्ट धरला होता, तेव्हा थुंकण्याचा प्रश्नच मिटला. दुसऱ्या हातानं त्या नवऱ्याची डावी मूठ सोडवायला बघत होत्या. जितकं त्या सोडवत, तितकी पाटील ती आवळत. "बोटं आखडली," त्या भुजंगाला म्हणाल्या, आणि त्यांनी ती मूठ पदरात गुंडाळून घेतली. दगडी वाटेवर गाडीला पहिला हिसका बसला तेव्हा किशनरावांनी पहिला घोट गिळला. दुसऱ्या हिसक्याला दुसरा गिळला. तंबाखूचं पाणी पोटात गेल्यावर जे व्हायचं ते झालं. कपाळाला घाम आला, चेहरा राखेसारखा झाला, उचक्या लागल्या आणि डोळ्यांपुढे सगळं शिवार गरगरायला लागलं. आता मात्र त्यांना स्वतःलाच वाटू लागलं की आपल्याला खरोखर काहीतरी होतंय.

वाल्मीकला सगळं माहीत होतं, किंवा होतं असं त्याला वाटत होतं. डबी आपलीच, बारही आपलाच. पण पाटलांचा रंग बघून त्याचाही धीर सुटला. तो मागे वळून म्हणाला, "वयनीबाई, एक सांगू का..." तेवढ्यात पाटलांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पुन्हा पुढे तोंड करून बैलांची शेपटं पिरगाळली.

मग धुरपताबाई बोलायला लागल्या. या माणसाला उत्तर देता येत नाही, हे त्यांना तीस वर्षांत पहिल्यांदाच लाभलं होतं.

"ऐकायला येतंय का? डोळ्यानं हो म्हना. हां. मंग ऐका. तुमाला चमच्यानं भरवायचा मला कटाळा न्हाई. बापाला भरवलं, तुमालाबी भरवीन. पन तुमी तसं पडल्यालं मला बगवनार न्हाई." त्यांनी नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला. "लय बोललात मला. कालवनात मीठ जास्त झालं तरी बोललात, कमी झालं तरी बोललात. पोरीच्या लग्नात चार मानसांत बोललात, ते मी इसरले न्हाई. तुमी हसत न्हाईत त्याचं मला काही न्हाई. तीस वर्सं न्हाई हासलात, आनखी तीस न्हाई हासलात तरी चालंल. पन वराडायला तरी घरात ऱ्हावा."

किशनरावांना बोलायचं होतं. काय बोलायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण काहीतरी बोलायचं होतं, आणि तोंडात अर्धी चिमूट तंबाखू होती. त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं. डावा डोळा खाली मांडीकडे होता, तो कुणाला दिसला नाही.

"भावजी, येकाच डोळ्यातून पानी यायलंय," धुरपताबाई घाबरून म्हणाल्या.

भुजंगानं डोकावून पाहिलं, मान हलवली आणि पारवा पुढे केला. धुरपताबाईंनी बघितल्यावर त्यानं तो पुन्हा काखेत धरला.

दवाखान्यात चौघांनी पाटलांना उचलून टेबलावर ठेवलं. डॉक्टर दिनकररावांनी सगळ्यांना बाहेर बाकावर बसवलं, दार लोटलं आणि रोग्याच्या तोंडाशी वाकले. वाकले तसेच सरळ झाले. त्यांनी कोपऱ्यातलं तामचिनीचं भांडं आणून पाटलांच्या हनुवटीखाली धरलं. किशनराव थुंकले. पुष्कळ वेळ थुंकत होते. मग तोंड पुसून स्वच्छ मराठीत म्हणाले, "पानी द्या."

डॉक्टरांनी हात वर करायला लावले, पाय उचलायला लावले, डोळ्यांत बॅटरी मारली, पट्टा बांधला. पारा मागच्यापेक्षा बराच खाली होता. गोळ्या लागू पडल्या होत्या. "आज लकवा नाही," ते म्हणाले, "पण हा बार म्हणजे त्याला रोजचं आवतण आहे. किती दिवस चाललंय?"

पाटलांनी खालमानेनं सांगितलं आणि डॉक्टरांचा हात धरला. "तिला सांगू नका. तिच्या डोक्यावर हात ठिवून शपत घेतलीय मी."

पुन्हा तंबाखू नाही, या बोलीवर डॉक्टर कबूल झाले. त्यांनी दार उघडून बाहेर सांगितलं की पाटलांना काही झालेलं नाही, पोटात पित्त झालं होतं, ते उतरलं. धुरपताबाई हे ऐकून बाकावरून उठल्या, दोन पावलं चालल्या आणि दाराची चौकट धरून तिथेच खाली बसल्या. डोकं सकाळपासून ठणकत होतं, आता डोळ्यांपुढे अंधारी आली, असं त्या म्हणाल्या. "उपासानं झालं असंल."

डॉक्टरांनी त्यांना आत घेतलं, निजवलं आणि सवयीनं दंडाला पट्टा बांधला. फुगा दाबला. पारा चढला. डॉक्टरांनी पट्टा सोडला, घटकाभर पडू दिलं, पुन्हा बांधला. मग दुसऱ्या दंडाला बांधला. टेबलाशेजारी उभे असलेले किशनराव पाऱ्याकडे बघत होते. मागे आपला पारा कुठवर गेला होता ते त्यांच्या ध्यानात होतं. हा त्याच्याही वर होता.

"बाईजी, लेटे रहिए," डॉक्टर म्हणाले. "उठना नहीं."

ती उर्दू ऐकली आणि किशनरावांनी उजव्या हातानं टेबलाची कड धरली. त्यांनी डावी मूठ उघडली. डबीचा काठ तळव्यात रुतला होता. त्यांनी ती डबी टेबलावर, बायकोच्या हाताशी ठेवली.

"शपत मोडली मी," ते म्हणाले. "अडीच महिने झाले. तुज्या डोक्यावर घेतली अन् मोडली. म्हनून हे तुज्यावर आलं."

धुरपताबाईंनी मान वळवून डबीकडे पाहिलं. "ही तर वाल्म्याची," त्या म्हणाल्या. दारात उभा असलेला वाल्मीक बैलांना बघून येतो म्हणून बाहेर गेला. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात सगळं आलं, फुगलेला गाल, आखडलेली बोटं, उचक्या. तीन कोस आपण कुणाच्या कानात काय काय बोललो तेही आलं, आणि त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला.

"पाटील, शपथेनं पारा चढत नाही, मिठानं चढतो," डॉक्टर म्हणाले. "बाई, जेवणात काय काय असतं?"

पदराआडून धुरपताबाईंनी सांगितलं. यांचं परेज सुरू झालं तेव्हा घरात वर्षाचं लोणचं घालून झालेलं होतं. दोन बरण्या. पापड होते, खारवलेल्या मिरच्या होत्या. सगळं यांच्या आवडीचं, यांच्यासाठीच केलेलं. आता हे खाईनात. एवढ्या कष्टानं केलेलं उकिरड्यावर कसं टाकायचं? म्हणून त्यांच्या ताटातलं रोज त्या आपल्या ताटात घेत होत्या.

"म्हणजे दोघांचं मीठ तुम्ही एकट्या?"

"टाकवंना," धुरपताबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. तीन महिन्यांच्या लोणच्यानं भर घातली असेल, पण एवढा दबाव आजचा नसणार, ते म्हणाले, तो कैक वर्षांचा असेल, कुणी मोजलाच नाही म्हणून कळला नाही. "मीसुद्धा नाही मोजला. तुम्हाला घेऊन आल्या तेव्हा त्या या दारात उभ्या होत्या. मी त्यांना काम सांगितलं, बसा म्हटलं नाही." मग त्यांनी त्याच गोळ्यांची दुसरी पुडी बांधली आणि ती किशनरावांच्या हातात दिली. रोज सकाळी कुणी काय बघायचं तेही सांगितलं. पाटलांना ते पाठच होतं.

भुजंग इतका वेळ भिंतीला टेकून विचार करत होता. "मंग ह्ये पाखरू वयनीला लागंल का?" त्यानं विचारलं. किशनरावांनी त्याच्या काखेतला पारवा काढून घेतला आणि खिडकीतून सोडून दिला. तो दवाखान्याच्या पत्र्यावर जाऊन बसला.

परतीच्या वाटेवर गाडी सावकाश चालली. घरी आल्यावर आक्कांना सगळं सांगितलं. त्यांनी भावाला पुष्कळ शिव्या दिल्या आणि मग म्हणाल्या की लोणच्याच्या उरलेल्या बरण्या वाया जायला नकोत, त्या आपण संपवू. किशनरावांनी त्याच पावली चावडीतून लाख आणली, दिवा पेटवला आणि दोन्ही बरण्यांच्या तोंडावर माली पाटलाचा सरकारी शिक्का मारून टाकला.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. उजाडताना धुरपताबाई सडा टाकत होत्या, तर पाटील ओसरीवरून खाली उतरून त्यांच्यासमोर उभे राहिले.

"हात वर कर," ते म्हणाले.

धुरपताबाईंनी आधी अंगणाच्या दाराकडे पाहिलं, मग हात वर केले. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. पाटलांनी वार विचारला, त्यांनी वारासकट तिथीही सांगितली.

"हस."

धुरपताबाईंना हसूच आलं, पण पदर तोंडाशी होता.

"तो काढ. दिसत न्हाई."

तीस वर्षांत पाटलांनी गावातल्या बांधाबांधावरून पाय झिजवले होते, कुणाच्या शेतात किती आंबे आहेत ते त्यांना तोंडपाठ होतं. बायको हसताना पदर लावते, एवढंच तिच्या हसण्याबद्दल त्यांना माहीत होतं. धुरपताबाईंनी आक्का उठल्या नाहीत ना ते बघितलं आणि पदर बाजूला केला. त्या हसल्या आणि किशनरावांचा चेहरा उतरला.

"डावीकडं काहीतरी वायलं दिसतंय," ते म्हणाले. "वाल्म्याला सांगतो गाडी जुंपायला."

"काही वायलं न्हाई. दात पडलाय तिथला."

"कवा?"

"पोलीस ॲक्शनच्या साली."

किशनरावांनी बोटांवर मोजलं. सात वर्षं झाली होती. धुरपताबाई पदर पुन्हा वर घेऊ लागल्या, तेव्हा पाटलांनी त्यांचा हात धरला.

"पुन्यांदा हस," ते म्हणाले. "मी नीट बघितलं न्हाई."